वाऱ्याचं वजन करणारा इंजिनिअर

गुस्ताव आयफेल हे नाव घेतलं की डोळ्यांसमोर काय येतं? पॅरिस, टॉवर, हिंदी सिनेमातली गाणी आणि कुणाच्या तरी मामाने परदेशातून आणलेली ती छोटीशी की-चेन! जनरल नॉलेजच्या पुस्तकात त्याला एक ओळ मिळते: उंची ३०० मीटर, साल १८८९. संपलं!

पण टॉवर उभा राहिला तेव्हा आयफेल ५६ वर्षांचा होता आणि त्यानंतर तो आणखी ३४ वर्षं जगला. या ३४ वर्षांत त्याने काय केलं हे फारसं कोणी सांगत नाही. आणि गंमत म्हणजे त्या कामाचा आपल्याशी रोजचा संबंध आहे. सुट्टीत एस.टी.ने घरी जाताना हायवेवर डोक्यावरून सरकन मागे जाणारे हिरवे बोर्ड आठवा. गावाचं नाव, बाण, किलोमीटर. असा बोर्ड म्हणजे काय, तर वाऱ्यात आडवी धरलेली सपाट फळी. वारा सुटला की त्या फळीवर किती किलोचा जोर येतो? हा आकडा चुकला तर बोर्ड पडतो, आणि बोर्ड कधी रिकाम्या जागेवर पडेलच असं नाही. हा आकडा काळजीपूर्वक मोजणाऱ्या पहिल्या काही लोकांमध्ये आपला हा टॉवरवाला आयफेल होता. तेसुद्धा सत्तरी ओलांडल्यावर, आणि चारचौघांत बदनामी झाल्यावर! त्याची ही गोष्ट.

गुस्तावचा जन्म १५ डिसेंबर १८३२ चा, फ्रान्समधल्या दिजाँ गावचा. वडील आधी सैन्यात होते. आई मात्र जबरदस्त बाई! कोळशाचा व्यापार तीच सांभाळायची आणि घराची आर्थिक घडी तिनेच बसवली. पोरगा शाळेत यथातथाच. पुढे पॅरिसला जाऊन त्याने तिथल्या सगळ्यात नामांकित इंजिनिअरिंग संस्थेसाठी, म्हणजे एकोल पॉलिटेक्निकसाठी, जोरदार तयारी केली. प्रवेश मिळाला नाही! मग एकोल सेंत्राल या दुसऱ्या कॉलेजात तो गेला आणि १८५५ साली पदवी घेऊन बाहेर पडला. पदवी कशात, तर केमिस्ट्रीत! लोखंडाचा हा बादशहा मुळात केमिकलवाला होता. आपल्याला हवी ती ब्रँच मिळाली नाही म्हणून वर्षभर तोंड पाडून बसणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

केमिस्ट्री घेण्याचं कारणही घरगुतीच. काकांचा व्हिनेगर बनवण्याचा कारखाना होता, तो पुढे आपल्याला मिळेल असा हिशोब. पण घरात भांडण झालं आणि कारखाना हातचा गेला. नोकरी शोधणं आलं. रेल्वेचं सामान आणि पूल बनवणाऱ्या एका इंजिनिअरकडे तो चिकटला आणि तिथे त्याची गाडी रुळावर आली. बोर्दो शहरात गारोन नदीवर ५०० मीटर लांबीचा रेल्वेचा पूल बांधायचा होता. वरिष्ठ सोडून गेले आणि ऐन पंचविशीत या मुलाकडे सगळं काम आलं. नदीच्या तळाशी पाया घालण्यासाठी दाबलेल्या हवेचा वापर करण्याचं तंत्र तेव्हा नवं होतं. त्याने ते वापरलं आणि १८६० साली पूल वेळेवर उभा केला. हवेशी त्याची पहिली दोस्ती इथे झाली म्हणा ना!

१८६६ मध्ये पॅरिसजवळ लव्हालुआ-पेरे इथे त्याने स्वतःचं वर्कशॉप थाटलं. तो काळ रेल्वेचा होता. सपाटीवरचे रूळ टाकून झाले होते, आता गाड्या डोंगरदऱ्यांत न्यायच्या होत्या. दरी जितकी खोल तितके पुलाचे खांब उंच, आणि खांब जितके उंच तितका वारा जास्त. पुलाचं स्वतःचं वजन मोजता येतं. गाडीचं वजन मोजता येतं. पण वारा? तो दिसत नाही, तराजूत बसत नाही, आज आहे तर उद्या नाही. त्यामुळे बरेच इंजिनिअर त्याच्याकडे सरळ काणाडोळा करायचे.

काणाडोळ्याची किंमत काय असते हे २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री कळलं. स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल. बांधून दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. वादळी वाऱ्यात पुलाचा मधला उंच भाग कोसळला आणि त्याच्यावरून चाललेली आगगाडी डब्यांसकट नदीत गेली. सुमारे ७५ माणसं मेली, एकही वाचला नाही. चौकशीत बाहेर आलं की ओतीव लोखंडाचं काम निकृष्ट होतं, देखभालीत हयगय होती, आणि मुख्य म्हणजे डिझाइनमध्ये वाऱ्याच्या दाबासाठी खास अशी तरतूदच केलेली नव्हती! पूल बांधणारे सर टॉमस बाउच पुढच्याच वर्षी वारले.

आयफेल तेव्हा कुठे होता? दोनच वर्षांपूर्वी, १८७७ साली, त्याच्या कंपनीने पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात दूरू नदीवर १६० मीटर गाळ्याचा लोखंडी कमानीचा पूल पुरा केला होता. आणि १८८० पासून फ्रान्समध्ये गाराबी इथे त्याहून मोठं काम सुरू झालं. लांबी ५६५ मीटर, कमान १६५ मीटर, रूळ नदीच्या पात्रापासून १२० मीटरवर. दरीतून भणाणता वारा. इथे आयफेलच्या पद्धतीची खरी ओळख होते. त्याचे खांब आणि कमानी बघा. कुठेही भरीव पत्रा नाही, सगळी जाळी. वाऱ्याला अडवायचं कमीत कमी, जाऊ द्यायचं जास्तीत जास्त. आणि खांब खाली रुंद, वर निमुळते, म्हणजे आडवा जोर आला तर पाय फाकवून उभ्या असलेल्या पैलवानासारखे ते टिकणार. तुम्ही ट्रस शिकताना जॉइंटमागून जॉइंट सोडवत बसता ना, त्या कंटाळवाण्या गणिताला इथे असा अर्थ येतो.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीचा पुतळा त्याच्याकडे आला. पुतळा म्हणजे जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा, उंची ४६ मीटर, आणि उभा राहणार बंदराच्या तोंडाशी, समुद्राच्या वाऱ्यात. हा तर एक भला मोठा बोर्डच झाला! आयफेलने आत लोखंडाचा चौपायी मनोरा उभा केला आणि तांब्याचा पत्रा लवचिक पट्ट्यांनी त्याला असा जोडला की वारा आला, ऊन तापलं तर पत्रा थोडा हलू शकेल पण फाटणार नाही. १८८६ साली पुतळ्याचं अनावरण झालं. आजही तो उभा आहे.

मधल्या काळात घरी वाईट घडून गेलं होतं. १८७७ मध्ये बायको गेली. पाच मुलं. थोरली मुलगी क्लेअर हिने पुढे घर सांभाळलं आणि ती बापाच्या कामातही लक्ष घालू लागली. आणखी एक गोष्ट. घराण्याचं मूळ आडनाव बोनिकहाउझेन असं जर्मन वळणाचं. १८७० च्या युद्धानंतर फ्रान्समध्ये असं नाव म्हणजे डोक्याला ताप! म्हणून १८८० मध्ये त्याने कायदेशीररीत्या नुसतं आयफेल हे नाव घेतलं. नाहीतर आज आपण बोनिकहाउझेन टॉवर म्हणत बसलो असतो!

आता टॉवरकडे वळू. खरं सांगायचं तर त्याची मूळ कल्पना आयफेलची नव्हेच. त्याच्या ऑफिसातल्या मोरिस कोश्लँ आणि एमिल नूगिए या दोन इंजिनिअरांनी १८८४ मध्ये पहिलं चित्र काढलं. स्तेफान सोव्हेस्त्र या आर्किटेक्टने त्याला रूप दिलं. साहेबांना सुरुवातीला त्यात विशेष रसही नव्हता. नंतर मात्र त्यांनी हक्क घेतले आणि काम अंगावर घेतलं ते पूर्ण जबाबदारीनं, स्वतःचा पैसा घालून.

टॉवरच्या पायांचा तो डौलदार बाक शोभेसाठी आहे असं आपल्याला वाटतं. तसं नाहीये. तो बाक वाऱ्याच्या गणितातून आलेला आहे. वरून खाली येताना वाऱ्याचं बेंडिंग मोमेंट जसं वाढत जातं तसे पाय बाहेर पसरत जातात. आयफेलने वाऱ्याच्या दोन शक्यता धरल्या. एक म्हणजे सगळ्या उंचीवर प्रत्येक चौरस मीटरला ३०० किलो. दुसरी म्हणजे खाली २०० आणि वाढत वाढत टोकाला ४०० किलो. एवढ्यावर न थांबता, वरच्या अर्ध्या भागात जाळी असूनही ती जणू भरीव भिंतच आहे असं धरून त्याने हिशोब केला.

असं का? कारण वारा नेमका किती जोर लावतो हे त्यालाच काय, कोणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. माहीत नसलेल्या गोष्टीची भरपाई तो जास्तीच्या लोखंडाने करत होता. आपण ज्याला फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणतो त्यात आपल्या अज्ञानाचाही वाटा असतो. टे पुलावर हे अज्ञान मान्यच केलं गेलं नाही आणि त्याची किंमत माणसांनी दिली. आयफेलने ते मान्य केलं आणि किंमत लोखंडात मोजली. दोघांत फरक एवढाच, पण केवढा!

२८ जानेवारी १८८७ ला खोदकाम सुरू झालं. तिकडे पॅरिसमधले मोठमोठे लेखक, चित्रकार, संगीतकार खवळले. हा कुरूप लोखंडी सांगाडा आमच्या शहरात नको म्हणून वर्तमानपत्रात त्यांनी जाहीर निषेध छापला. आयफेलने शांतपणे उत्तर दिलं. त्याचं म्हणणं असं की इंजिनिअर मजबुतीचा विचार करतो म्हणजे त्याला सौंदर्याचं वावडं असतं असं नाही, निसर्गाच्या नियमांना धरून आलेल्या आकाराला आपली एक शोभा असतेच. १८,०३८ तुकडे, २५ लाख रिव्हेट आणि ७,३०० टन लोखंड, सगळं मिळून दोन वर्षं आणि दोन महिने. ३१ मार्च १८८९ ला टॉवर पुरा झाला. वादळी वाऱ्यातसुद्धा त्याचं टोक हलतं ते काही सेंटिमीटरच.

इथे सिनेमा असता तर पडदा पडला असता. पण आयुष्य असं सोयीच्या ठिकाणी थांबत नाही. १८८७ मध्येच आयफेलने पनामा कालव्याच्या लॉक गेट्सचं प्रचंड कंत्राट घेतलं होतं. १८८९ मध्ये कालव्याची कंपनी बुडाली. लाखो सामान्य फ्रेंच लोकांची पुंजी त्यात अडकली होती. लाचलुचपतीच्या भानगडी बाहेर आल्या, खटले झाले. कंपनीच्या संचालकांबरोबर आयफेलवरही मिळालेल्या पैशांच्या गैरवापराचा ठपका आला आणि फेब्रुवारी १८९३ मध्ये त्याला दोन वर्षांची कैद आणि २०,००० फ्रँक दंड अशी शिक्षा झाली. काही महिन्यांनी वरच्या कोर्टाने ती रद्द केली, तीही मुदतीच्या मुद्द्यावर. तुरुंग टळला, पण नाव काळं व्हायचं ते झालंच. साठाव्या वर्षी त्याने कंपनी सोडली. कंपनीने आपल्या नावातून त्याचं नावही काढून टाकलं.

या वयात, पैसा गाठीशी असताना, दुसरा कोणी बागेत झोपाळा टांगून बसला असता. आयफेलने त्याऐवजी जुना राहिलेला हिशोब काढला, तो वाऱ्याचा!

त्याला आणखी एक व्यवहारी कारणही होतं. टॉवर उभा ठेवण्याची परवानगी फक्त २० वर्षांची होती, १९०९ च्या शेवटापर्यंत. मग तो पाडायचा! टॉवर वाचवायचा तर तो उपयोगाचा आहे हे दाखवायला हवं. म्हणून आयफेलने टोकावर पहिल्यापासून हवामानाच्या नोंदी ठेवल्या होत्या, पुढे सैन्याच्या बिनतारी संदेशांना तिथे जागा दिली. आणि १९०३ पासून त्याने टॉवरवरून वस्तू खाली टाकायला सुरुवात केली.

हसू नका, खरंच टाकल्या! प्रयोग असा होता. दुसऱ्या मजल्यावरून, म्हणजे ११५ मीटर उंचीवरून, खालपर्यंत एक तार ताणलेली. तारेवरून घसरत पडणारं एक अवजड यंत्र. यंत्राच्या पुढे, हवेला तोंड देईल अशी एक सपाट फळी, मोजमाप केलेल्या स्प्रिंगवर बसवलेली. यंत्र पडू लागलं की फळीवर हवेचा जोर येणार आणि स्प्रिंग दबणार. किती दबली हे काजळी लावलेल्या फिरत्या नळकांड्यावर टोकदार काटा रेघ ओढून दाखवणार. त्याच नळकांड्यावर एक ट्यूनिंग फोर्क आपल्या ठरावीक कंपनांनी वेळ नोंदवणार. जमिनीजवळ ब्रेक. म्हणजे वेग, वेळ आणि जोर यांची नोंद एका फेकीत! वेग जात होता सेकंदाला ४० मीटरपर्यंत, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर. हा झाला चक्रीवादळाचा वेग. चक्रीवादळाची वाट बघण्याऐवजी त्याने फळीच हवेतून तेवढ्या वेगाने पाठवली. चौकोनी फळी, गोल फळी, लांबट फळी, तिरकी फळी, एकामागे एक दोन फळ्या, एक ना दोन!

निघालं काय? पहिलं म्हणजे जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो हे पक्कं झालं. वारा दुप्पट झाला की जोर चौपट. दुसरं जास्त महत्त्वाचं. एक चौरस मीटर फळी आणि सेकंदाला एक मीटर वारा धरला तर जोर किती किलो, या आकड्यावर सगळा हिशोब उभा असतो. १७५९ मध्ये इंग्लंडच्या स्मीटनने प्रसिद्ध केलेल्या कोष्टकावरून हा आकडा साधारण ०.१२ येत होता आणि शंभर-सव्वाशे वर्षं लोक तोच वापरत होते. आयफेलला मिळाला ०.०७ ते ०.०८! अमेरिकेत राइट बंधूंनाही १९०१ मध्ये आपल्या ग्लायडरवरून जुना आकडा असाच फार मोठा असल्याचं लक्षात आलं होतं. म्हणजे सगळे जण जवळजवळ दीडपट चुकत होते.

याशिवाय फळीचा आकार आणि लांबी-रुंदीचं प्रमाण बदललं की आकडा थोडा बदलतो, हेही त्याने दाखवलं. १९०९ मध्ये टॉवरच्या पायथ्याशी त्याने वाऱ्याचा बोगदा, म्हणजे विंड टनेल, उभारला. पंख्याला वीज टॉवरच्याच जनरेटरची. आता फळी स्थिर आणि वारा चालता. दोन्ही पद्धतींची उत्तरं जुळली. फळीच्या पुढच्या बाजूला दाब येतो आणि मागच्या बाजूला ओढ लागते हेही तिथे नीट मोजता आलं. बोर्ड फक्त ढकलला जात नाही, मागून खेचलाही जातो!

१९१२ मध्ये प्रयोगशाळा पॅरिसच्या ओतय भागात गेली, मोठा बोगदा आणि जास्त वेग घेऊन. विमानांचे नमुने तपासायला लोक रांग लावू लागले. आयफेल पैसे घेत नसे. अट एकच, निकाल सगळ्यांसाठी छापले जातील.

त्याच वर्षीची एक गोष्ट आपल्या लॅबमध्ये भिंतीवर लावण्यासारखी आहे. गोल चेंडूवर हवेचा विरोध किती हे आयफेलने मोजलं. जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या प्रसिद्ध प्रयोगशाळेचं उत्तर त्याच्या दुपटीहून जास्त होतं. तिथल्या एकाने लिहून टाकलं की आयफेल बहुधा सूत्रात दोनने गुणायचं विसरला असावा! ऐंशीला टेकलेला म्हातारा. दुसरा कोणी असता तर भांडला असता. आयफेलने पुन्हा चेंडू लावले, लहान-मोठे, वेगवेगळ्या वेगांना. आणि दोघंही बरोबर निघाले! एका ठरावीक वेगापुढे चेंडूवरचा विरोधाचा आकडा एकदम खाली कोसळतो. जर्मन मंडळी त्या वेगाच्या खाली मोजत होती, आयफेल वर. जर्नलमधली रीडिंग जुळली नाहीत की शेजाऱ्याची उतरवून काढणाऱ्यांनी इथे दोन मिनिटं शांतता पाळावी.

१९१३ मध्ये अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने त्याला लँगली पदक दिलं. टॉवरही वाचला, परवानगी आणखी ७० वर्षांसाठी वाढली होती. पनामाचा डाग पुसायला कोर्टाने मदत केली नव्हती, काजळीवरच्या रेघांनी केली. २७ डिसेंबर १९२३ ला, ९१ वर्षांचा होऊन, आयफेल पॅरिसमध्ये वारला. ओतयचा बोगदा त्याच्यामागेही चालत राहिला. एकविसाव्या शतकातही तिथे चाचण्या झाल्या आहेत.

आता आपल्या हायवेवरच्या बोर्डाकडे परत येऊ आणि आयफेलचा आकडा लावून बघू. बोर्ड ६ मीटर लांब, ३ मीटर उंच, म्हणजे १८ चौरस मीटर. वारा सेकंदाला ४४ मीटर. आपल्या आय.एस. ८७५ भाग ३ मध्ये मुंबईसाठी मूळ वेग हाच दिलेला आहे. आयफेलच्या ०.०७ ते ०.०८ ने जोर येतो सुमारे २,४०० ते २,८०० किलो. आता कोडमधल्या ०.६ गुणिले वेगाचा वर्ग या सूत्राने दाब काढा, फळीसाठी १.२ चा गुणक घ्या. उत्तर सुमारे अडीच टन! शंभर वर्षांपूर्वी तारेवरून पडलेल्या फळीचं आणि आजच्या कोडचं उत्तर एकच. अमेरिकेत राज्यांच्या हायवे अधिकाऱ्यांच्या संघटनेची जी डिझाइन नियमावली आहे त्यातही बोर्डाचा गुणक लांबी-रुंदीच्या प्रमाणानुसार १.१२ पासून १.३० पर्यंत जातो. आणि चेंडूची ती भानगड? तिचा फायदा खांबाला होतो. गोल पाइपचा गुणक त्याच नियमावलीत कमी वेगाला १.१० आणि जास्त वेगाला ०.४५ धरतात, सपाट बाजूंच्या सेक्शनला मात्र १.७०. चक्रीवादळाच्या प्रदेशात बोर्डाचा खांब गोल का बरा, ते कळलं ना?

अर्थात आयफेलने सगळं सोडवून ठेवलं असं नाही. त्याने मोजला तो सरळ, एकसारखा जोर. खरा वारा झोत मारतो, खांबामागे भोवरे सोडतो, बोर्ड डोलायला लावतो. १९४० मध्ये अमेरिकेचा टॅकोमा नॅरोज पूल ताशी ६५ किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला, तो असा डोलून. एका बाजूच्या खांबावरून रस्त्यावर पुढे आलेल्या बोर्डाला वाकवणारा जोर तर असतोच, शिवाय पिळणाराही असतो. वर्षानुवर्षं डोलून वेल्डिंगला बारीक चिरा पडतात, पायाचे अँकर बोल्ट सैल होतात, पोकळ खांबात पाणी साचून आतून गंज लागतो, आणि मग एके दिवशी वादळ फक्त शेवटचा धक्का देतं. शिवाय आणखी एक पेच आहे. रस्त्याकडेचा छोटा बोर्ड वाऱ्यासाठी फार मजबूत केला तर त्यावर आदळणाऱ्या गाडीतली माणसं मरतात. म्हणून तिकडे खांबाच्या बुडाशी मुद्दाम असा जोड देतात की वाऱ्याला तो दाद देणार नाही, पण गाडीची धडक बसली की सुटून येईल. करा डिझाइन!

बोर्ड गेला तर एवढं काय बिघडतं, असं कोणी विचारेल. २४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू नावाचं चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडावरून गेलं तेव्हा रस्त्यांचे बोर्ड उडून गेले. घरंही ओळखू येईनात. मदतीला आलेल्या लोकांना कोणता रस्ता कुठला हे कळेना, आणि तिथे राहणाऱ्यांना स्वतःच्या गल्लीचा पत्ता लागेना. ज्या दिवशी बोर्डाची सर्वात जास्त गरज असते त्याच दिवशी तो जाग्यावर नसतो!

आणि आपल्याकडे? १३ मे २०२४. घाटकोपर. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेलगत १२० फूट बाय १२० फुटांचं जाहिरातीचं होर्डिंग वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती. वारा ताशी ९० किलोमीटर धरून गणित करा. ४० फुटी होर्डिंगवर येतो साधारण ७ टन. बाजू तिप्पट केली की क्षेत्रफळ नऊपट, म्हणजे ६० टनांच्या घरात. आणि हा जोर तिप्पट उंचीवर लागणार, म्हणजे बुंध्याशी येणारं बेंडिंग मोमेंट सत्तावीसपट! हे गणित सेकंड इयरच्या कुठल्याही मुलाला पाच मिनिटांत करता येतं. त्यासाठी ना सॉफ्टवेअर लागतं, ना परदेशी कन्सल्टंट.

टे पुलाच्या वेळी वाऱ्याचा आकडा नीट ठाऊक नव्हता, असं निदान म्हणता तरी येत होतं. आयफेलच्या त्या फळ्या खाली पडल्यापासून तीही सबब उरलेली नाही. आकडा कोडमध्ये छापलेला आहे, कोड आपल्या लायब्ररीत आहे. उद्या आपल्यापैकीच कोणीतरी साइटवर असेल, समोर ड्रॉइंग असेल, आणि सहीची घाई करणारा कोणीतरी शेजारी उभा असेल. त्या वेळी पेन खिशात ठेवून आधी कॅल्क्युलेटर काढावा. आयफेलने दिलेला हा धडा टॉवरच्या उंचीपेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि तो अमलात आणायला पॅरिसचं तिकीटही काढावं लागत नाही.